बिनव्हिशाचे कांदेपोहे

माझे वडील नागपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते, त्यामुळे फॉर्म भरणं या विषयात मी कुणाचं ऐकून घेत नाही. ज्यात पळवाट नाही असा फॉर्म जगात नाही, फक्त तो तळाच्या बारीक अक्षरांसकट वाचावा लागतो, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. या मताने मला एकदाच सपशेल तोंडावर पाडलं. तेही डेट्रॉइटच्या नदीकाठावर, एका पोलिसासमोर, आणि शेजारी एक पुणेकर काकू पोह्यांचा डबा धरून उभ्या असताना.

२००४ साल होतं. मी मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये एका मोटार कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रामिंग करायचो आणि या काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. काका फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घरावर राज्य काकूंचं. आदल्या वर्षीच्या सुरुवातीला माझा रूममेट नोकरी बदलून टेक्सासला गेला तेव्हा मी देशी किराणा दुकानात चिठ्ठी लावली. फोन आला तो डेट्रॉइटला मेकॅनिकलमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलाचा. बोलणं अदबीचं, आवाज गोड. म्हटलं, कुठला? तर म्हणाला, कराचीचा.

मी फोनवर हात ठेवला आणि जिन्यातून वर ओरडून काकूंना सांगितलं. काकूंनी क्षणभर विचार केला.

"भांडी घासतो का विचार."

"घासतो म्हणतो."

"मग येऊ दे. मागचा कोथरूडचा होता. वर्षभरात एक चमचा विसळला नाही मेल्याने."

असा तो आला. शांत, सडपातळ, चष्मेवाला. माझ्याशी बोलताना तो सारखा कळवळायचा, कारण माझी हिंदी नागपुरी. मी "मेरे को जाना है" म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखा भाव यायचा. तो म्हणायचा, "यार, 'मुझे' बोल ले, तेरा क्या जाता है?" मी म्हणायचो, "अबे, मेरे को जमता नहीं." पण भांडी मात्र तो अशी घासायचा की काकूंनी त्याला महिन्याभरात 'बाळ' म्हणायला सुरुवात केली. मला त्या दोन वर्षांत एकदाही बाळ म्हणाल्या नव्हत्या.

आमच्यात क्रिकेटवरून कधी भांडण झालं नाही, दोघांनाही त्यातलं फार कळत नव्हतं. आमची मॅच वेगळीच होती. एका रविवारी आम्ही दोघांचे पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. माझा निळा, त्याचा हिरवा. कुणाला किती देश बिनव्हिशाचे आत घेतात याचा स्कोअर फ्रिजवर कागद लावून लिहायला सुरुवात केली. नेपाळला मी एकतर्फी जिंकलो, मला तिथे व्हिसा सोडा, पासपोर्टही लागत नव्हता. मालदीव दोघांनाही घेत होतं, मॅच ड्रॉ. मायक्रोनेशियाही दोघांना घेत होतं, पण ते कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून तो सामना रद्द धरला. मी जिंकलो खरा, पण माझंही पान काही फार लांब नव्हतं. काकू अमेरिकन पासपोर्ट घेऊन खेळायला आल्या तेव्हा आम्ही त्यांना खेळात घेतलं नाही.

गंमत म्हणून सुरू केलेली ही यादी सप्टेंबरात एकदम गंभीर झाली. त्याच्या आईने कराचीहून एक स्थळ कळवलं. घराणं ओळखीचं, मुलगी शिकलेली, फोटो इकडून तिकडे गेलेले, दोन्ही घरं राजी. मुलगी कॅनडात मामाकडे राहून फार्मसी शिकत होती. कॅनडात कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाला, विंडसरला.

मी उडालोच. विंडसर म्हणजे डेट्रॉइटच्या समोरचा काठ. मधे फक्त नदी. डेट्रॉइटच्या काठावर उभं राहिलं की पलीकडच्या बस दिसतात, इमारतींवरच्या पाट्या दिसतात. सासर इतकं जवळ माझ्या नागपूरच्या आत्याचंही नव्हतं.

"मग अडलंय कुठे?"

अडलं होतं मुलीच्या अटीवर. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न फोटोवर ठरलं होतं. नवरा विमानातून उतरला तेव्हा कळलं की फोटो त्याचाच आहे, पण आठ वर्षं आणि तीस किलोंपूर्वीचा. बहीण सुखात होती, पण प्रत्येक फोनवर धाकटीला एकच सांगायची, फोटोवर जाऊ नकोस गं बाई. म्हणून या मुलीने सांगून टाकलं होतं, मी माणूस माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच हो म्हणेन. मामाने मुदत दिली ऑक्टोबर अखेरपर्यंत. कारण नोव्हेंबरात टोरांटोचा एक डेंटिस्ट आईवडिलांना घेऊन तिला बघायला येणार होता. डेंटिस्टकडे कॅनडाचा पासपोर्ट होता. तो कुठल्याही देशात नुसता चालत जाऊ शकत होता, विंडसरला तर नक्कीच.

आणि आमचे हे महाशय? मामाच्या परवानगीने तिच्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलून बोलून पार पाघळले होते. "यार, ती हसायच्या आधी एक छोटा श्वास घेते," असं मला सांगायचा. भांडी घासता घासता थांबायचा आणि नळ चालूच राहायचा. काकू वरून ओरडायच्या, "बाळ, पाणी!" एकदा तर मला म्हणाला की तिने नाही म्हटलं तर तिने बघून नाही म्हणावं, न बघता नको. मी त्याला वेड्यात काढलं, पण त्या दिवसापासून हे काम मी अंगावर घेतलं. न विचारता घेतलं, हेही सांगायला हवं.

आता परिस्थिती अशी. कॅनडाने त्याला व्हिसा नाकारला होता. मुलीचा अमेरिकेच्या व्हिशाचा अर्ज पाच महिने 'प्रोसेस'मध्ये पडला होता. त्याच्या पासपोर्टातल्या अमेरिकन व्हिशाची मुदत कधीच संपली होती. अमेरिकेत राहायला ती लागत नाही, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा व्हिसा, आणि पाकिस्तानी मुलाला तो किती महिन्यांनी मिळेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणजे लग्न जमलं तर पीएचडी जाणार, अशी गत.

पण मी तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. मी नियम वाचायला बसलो, आणि मला सापडलं. विद्यार्थी जर कॅनडा, मेक्सिको किंवा अमेरिकेजवळच्या बेटांवर तीस दिवसांच्या आत जाऊन आला, तर जुन्या व्हिशावरच परत घेतात! मी टेबलावर हात आपटला. आता फक्त असं बेट हवं होतं जे अमेरिकेजवळ आहे आणि पाकिस्तानी पासपोर्टला बिनव्हिशाचं घेतं. फ्रिजवरची यादी खाली आली. आमच्या हिशेबाने दोन नावं उरली. एक हैती, पण तिथे त्या वर्षी इतके दंगेधोपे चालले होते की तिथे मुलगी बघायला जाणं म्हणजे आपलं शेवटचं दर्शन द्यायला जाणं. दुसरं डॉमिनिका.

मी लगेच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, पाकिस्तानी नागरिकाला व्हिसा लागतो, बँकेचं पत्र लागतं, आमंत्रण लागतं. मी चिडलो. म्हटलं, बाई, तुमच्याच देशाचा नियम तुम्हाला माहीत नाही? मी वाचून दाखवतो. वीस मिनिटं मी त्यांना त्यांच्या देशाचा नियम समजावत होतो. शेवटी बाई थकून म्हणाल्या, "सर, तुम्हाला कुठे जायचंय?"

"डॉमिनिका!"

"हे डॉमिनिकन रिपब्लिकचं ऑफिस आहे. तो वेगळा देश आहे. त्यांची पत्रंही आमच्याकडे येतात, तीही आम्ही परत पाठवतो."

रूममेट समोरच बसला होता. त्याने शहाण्यासारखं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

मग खऱ्या डॉमिनिकाचा नंबर शोधला. फोन उचलला एका निवांत आवाजाच्या गृहस्थाने. मी सगळं सांगितलं, पाकिस्तानी पासपोर्ट, विद्यार्थी, चारच दिवस. ते म्हणाले, "हो, हो. या की."

"व्हिसा?"

"नाही लागत. परतीचं तिकीट आणा, आणि या."

मी फोन ठेवून विजयी मुद्रेने बघितलं तर हा पठ्ठ्या उठून उभा. म्हणाला, "पुन्हा लाव."

"काहून? झालं ना काम."

"मला ऐकायचंय. मला आजवर कुठल्याही ऑफिसने 'या' म्हटलेलं नाही."

मी पुन्हा लावला, स्पीकरवर. त्याने स्वतः विचारलं, घसा खाकरून, सर वगैरे म्हणत. ते गृहस्थ पुन्हा म्हणाले, हो हो, पाकिस्तान ना, या. त्याने तीनदा थँक्यू म्हटलं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

पण डॉमिनिकाचं दार उघडं असलं तरी तिथवर जायला वाट नव्हती. टोरांटोहून तिकडे थेट विमान जात नव्हतं, आणि वाटेत ज्या बेटावर विमान बदलायचं त्या बेटाला मुलीकडून व्हिसा हवा होता. मी त्यावरही पळवाट शोधत होतो, तेवढ्यात मामांच्या कानावर बेत गेला. मामांनी फोनवर एवढंच विचारलं, "बेटा, माझी भाची परक्या मुलाला बघायला समुद्रातल्या बेटावर जाणार? स्विमिंगच्या ठिकाणी?" संपलं. डॉमिनिका बुडालं.

ऑक्टोबरचे दहा दिवस उरले होते. तो जेवायचा बंद झाला. काकू एका सकाळी डबा घेऊन खाली आल्या, त्याचं तोंड बघितलं आणि माझ्यावरच खेकसल्या, "काय रे, एवढा मोठा शहाणा तू! जग पालथं घातलंस. नदी कुठे पळाली का?"

"म्हणजे?"

"अरे, मुलगी त्या काठावर उभी राहील, हा या काठावर. यांची पक्षी बघायची दुर्बीण आहे वर कपाटात. फोनवर बोलायचं आणि बघायचं. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे आणखी काय असतं? आमच्या वेळी तरी कुठे जवळ बसवत होते?"

इतक्या नियमांत मला हे कसं सुचलं नाही! मामांना विचारलं, ते खूश. पर्दाही राहिला, व्हिसाही नको, आणि भाचीची अटही पूर्ण. मामांकडेही दुर्बीण निघाली. रविवारी अकरा वाजता, तिकडच्या बागेतल्या मोठ्या कारंज्यापाशी, मुलीच्या अंगावर लाल शाल, असं ठरलं.

काकूंनी पहाटेच उठून कांदेपोहे केले. मी म्हटलं, काकू, हे पोहे कोण खाणार, मुलगी तर कॅनडात. त्या म्हणाल्या, "पोह्यांशिवाय बघण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसतं टक लावून बघणं. ते शोभत नाही." दोन डबे, लिंबाच्या फोडी, खोबरं वेगळ्या डबीत. त्याला काकांचा कोट घातला, तो त्याला खांद्यात सैल. गाडीत तो सारखा चष्मा पुसत होता.

नदीवर झोंबरं वारं होतं. कठड्यापाशी पोचलो आणि माझा मोबाइल टुणकन वाजला, कॅनडात आपलं स्वागत आहे असा मेसेज. फोनने पलीकडचा टॉवर पकडला होता. मी त्याला दाखवला, "बघ बे, फोनला कुणी विचारलं नाही." तो कसनुसा हसला. मग त्याच्या मोबाइलवर तिचा फोन आला. दोघं बोलायला लागले आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

इथे मला माझ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कार्यक्रम त्याचा होता, दुर्बीण काकांची होती. पण ती माझ्या गळ्यात होती. मी म्हटलं, थांब, आधी मी फोकस करतो, तुला जमणार नाही. दहा मिनिटं मी फोकस करत होतो. कारंजं सापडलं. मग लाल शाल सापडली. मी ओरडलो, "दिसली, दिसली!" काकू म्हणाल्या, "मला बघू." काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, गोड आहे." त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली, त्याच्याकडे नाही, आणि मी ती त्याला देणार एवढ्यात खनिजाचं एक मालवाहू जहाज मधे आलं. ती जहाजं इतकी लांबलचक असतात की आपल्याकडचं एखादं गाव त्यावर बसावं. ते जाईपर्यंत सगळे थांबलो. गेलं, तर फोकस हललेला. "थांब बे, घाई करू नको," म्हणत मी पुन्हा चाकं फिरवायला लागलो.

"गुड मॉर्निंग, फोक्स."

मागे पोलीस उभा होता. उंच, मध्यमवयीन, हातमोजे घातलेला. कुणीतरी फोन करून कळवलं असणार की तीन माणसं सरहद्दीकडे दुर्बीण रोखून उभी आहेत. आणि काळ कुठला, तर २००४. पण मला त्या क्षणी काही वाटलं नाही. मला वाटलं, यात काय, खरं ते सांगून टाकू. मराठीत जे वाक्य आपण हजारदा बोलतो तेच मी इंग्रजीत म्हटलं.

"ऑफिसर, वुई हॅव कम टु सी गर्ल."

त्याचा चेहरा बदलला. "कुठली मुलगी?"

"माहीत नाही. अजून नीट बघितली नाही."

"तुम्ही तिला ओळखता?"

"नाही. याच्या आईने निवडली आहे."

"तुम्ही तिच्यावर नजर ठेवून आहात हे तिला माहीत आहे?"

"हो हो! तिचे मामापण आमच्यावर ठेवून आहेत. तिकडून."

बोलता बोलता माझ्याच कानांना ते ऐकू यायला लागलं, पण जीभ थांबेना. काकू मदतीला धावल्या. वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या बाई, पण त्यांनाही नेमकं तेव्हाच सुचलं, "ऑफिसर, इट इज ओन्ली फ्लॅटन्ड राइस," आणि त्यांनी डबा पुढे केला. तो एक पाऊल मागे सरकला.

"डबा खाली ठेवा, मॅम. सगळ्यांचे हात मला दिसू द्या. कुठले तुम्ही?"

"इंडिया," मी म्हटलं.

रूममेट हळू म्हणाला, "पाकिस्तान, सर."

पोलिसाने हात दिसू द्या एवढंच म्हटलं होतं. मी माझे हात जरा पुढे केले, जेवायच्या आधी आई तपासायची तसे. याने थेट वर केले. दोन्ही, कोपर सरळ, पार आकाशाकडे, एका हातात तसाच चालू फोन. कोट सैल असल्यामुळे बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. असे हात मी त्याआधी कुणाचे प्रत्यक्षात बघितले नव्हते. याला कुणी शिकवलं हे? मला एकदम आठवलं, आदल्या वर्षी याच्या देशाच्या मुलांना सरकारी ऑफिसात जाऊन नावं नोंदवावी लागली होती, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न. तो दिवसभर तिथे बसून आला होता आणि घरी येऊन त्याने गुपचूप भांडी घासली होती. मी विचारलंही नव्हतं काय झालं ते. फ्रिजवरचा तो स्कोअर मी मोठ्या फुशारकीने लिहिला होता, त्याची लाज वाटली. माझ्या एका शहाण्या वाक्यापायी याला परत पाठवलं तर? लग्न राहू दे, पीएचडी राहू दे, हा माणूसच जायचा.

पोलिसाने माझ्या गळ्यातली दुर्बीण मागून घेतली. मी कुठे रोखली होती ते विचारून तिथेच त्याने ती लावली. बराच वेळ बघितलं. मग दुर्बीण खाली घेऊन याच्याकडे बघितलं, पुन्हा लावली.

"लाल कपड्यातली?"

"येस सर," मी म्हटलं, आवाज चिरकला.

"तिनेही हात वर केलेत."

वारं तेवढं वाजत होतं.

"अजून वरच आहेत," तो म्हणाला. मग याच्याकडे वळून सावकाश म्हणाला, "हात खाली घ्या, सर. प्लीज."

याने घेतले. पोलीस अजून बघतच होता. "हं. आता तिनेही घेतले."

मग त्याने आमची ओळखपत्रं घेतली, गाडीत जाऊन बसला. ती पंधरा मिनिटं मला पंधरा वर्षांसारखी गेली. काकू पुटपुटत रामरक्षा म्हणत होत्या, मधेच थांबून म्हणाल्या, "पोहे गार झाले," आणि पुन्हा सुरू. पोलीस परत आला, कार्डं दिली. म्हणाला, फोनवर खुशाल बोला, पण दुर्बीण गाडीत ठेवा, सरहद्दीवर हे बरं दिसत नाही. जाता जाता मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या वेळी म्हणा, हा माणूस त्याच्या होणाऱ्या बायकोला भेटतोय. त्यानेही काम झालं असतं." मी मान डोलवली. सबंध आयुष्यात माझा मसुदा इतका नेमका कुणी दुरुस्त करून दिला नव्हता.

मी दुर्बीण गाडीत ठेवून आलो तेव्हा तो कठड्याला टेकून फोनवर बोलत होता. फोन मधल्या काळात बंद झालाच नव्हता, तिने मामांच्या दुर्बिणीतून याला बघितलं होतं आणि सगळं ऐकलंही होतं, फ्लॅटन्ड राइससकट. तो नंतर सांगत होता. तिने विचारलं, "डर गए थे?" तो म्हणाला, "हाँ." तिने विचारलं, "बहुत?" तो म्हणाला, "बहुत." मग तिने तो छोटा श्वास घेतला आणि हसली. म्हणाली, तीन स्थळं बघितली आत्तापर्यंत, तिघंही म्हणाले आम्ही कुणाला घाबरत नाही. मग म्हणाली, "अम्मी से कह दीजिए, मेरी तरफ़ से हाँ है."

तो आमच्याकडे वळला आणि काही बोलायच्या आधी काकूंनी ओळखलं. त्यांनी तिथेच त्याच्या तोंडात गार पोह्यांचा घास कोंबला, डोळे पुसले, आणि साखर आणायची राहिली म्हणून स्वतःवरच चरफडल्या. मीही त्याला मिठी मारली. तो मला "मुबारक" म्हणायला शिकवत होता आणि मी "अभिनंदन" म्हणत होतो, असा सगळा गोंधळ.

परत येताना गाडी मी चालवत होतो. काकू पुढे, तो मागे. तिचा व्हिसा मिळायला पुढे चौदा महिने लागले, पण ते सगळं फॉर्म आणि फाइलींचं रडगाणं आहे, ते मी सांगत नाही. त्या दिवशी हायवेला लागेपर्यंत आम्ही तिघंही खूप बोललो, खूप हसलो. पोलिसाची नक्कल करून झाली, काकूंची झाली, माझी तर दोनदा झाली. मग मागून तो म्हणाला,

"यार, दिसायला कशी आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातलं स्टिअरिंग जड झालं. तिला काकूंनी बघितलं होतं. मी बघितलं होतं. डेट्रॉइटच्या पोलिसाने तर सगळ्यात जास्त वेळ बघितलं होतं. ज्याचा कार्यक्रम होता त्याच्या डोळ्यांना दुर्बीण एकदाही लागली नव्हती, आणि ती मी लागू दिली नव्हती. काकू घाईघाईने सुरू झाल्या, "अरे, छान आहे, गोरी आहे, नाकी-डोळी नीटस." एवढ्या लांबून त्यांना नाक दिसलं असेल तर मी पैज हरायला तयार आहे.

"माफ कर यार," मी म्हटलं. "चेहरा मला नीट दिसला नाही. शाल दिसली, लाल. आणि मग पोलिसाने सांगितलं ना."

"काय सांगितलं? मला तेव्हाचं काही ऐकूच आलं नाही. कानात नुसतं घुमत होतं."

मी आरशात बघितलं. तो पुढे सरकून, दोन सीटच्या मधे तोंड आणून बसला होता.

"तिने दोन्ही हात वर केले होते."

"काहून?" तो म्हणाला. माझाच शब्द.

"तू केले होतेस म्हणून."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. एक्झिट आला, मी इंडिकेटर दिला. तेव्हा त्याने विचारलं, "किती वेळ?"

"तुझे होते तितका वेळ."